एक स्त्री आणि डीकनची डुकरीण

हार्लो फॉल्स गावच्या 'बिगुल' साप्ताहिकात त्या आठवड्यात चर्चचा कारभारी डीकन हॅस्कल याच्या डचेस या डुकरिणीचं नाव ठळक अक्षरांत छापून आलं आणि केझाया ट्रास्कच्या डोक्यात तिडीक गेली.

डुकरिणीवर तिचा राग नव्हता. डचेस गुणाची होती. अंगाने धिप्पाड, स्वभावाने शांत, खाऊन पिऊन सुखी. राग होता संपादक लेमुएल फॉगवर. डचेस जिल्ह्याच्या प्रदर्शनाला निघालीय, ही बातमी केझायानेच लिहिली होती. खाली सही होती 'आमचा बातमीदार'. शेजारच्याच रकान्यात शरद ऋतूवरची कविता होती, तीही केझायाचीच. तिच्याखाली होतं 'एक स्त्री'.

"मिस्टर फॉग," केझाया कचेरीत शिरली ती टोपीची नाडी सोडतच. "डुकरिणीला नाव आहे आणि मला नाही?"

फॉगने तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "डुकरिणीच्या अब्रूचा प्रश्न नसतो, मिस ट्रास्क. सभ्य घरातल्या बाईचं नाव असं पेपरात, लिव्हरच्या गोळ्यांच्या जाहिरातीशेजारी... लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, केझायाने कविता लिहिली."

"तेच तर! शोभतं का ते?" फॉग म्हणाला आणि नेम धरून पिकदाणीत थुंकला. नेम चुकला.

आता केझायाला हे नाव-नाव कशासाठी हवं होतं, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई मिरवायला निघाली होती. तिची आई चादरी शिवायची आणि प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने नाव घालायची. हार्लो फॉल्सचा वारा मोठा वांड. दोरीवरच्या चादरी उचलून पार नदीपलीकडच्या कुंपणात नेऊन टाकायचा. पण ट्रास्कांची चादर कधी हरवली नाही. नाव वाचून कोणी ना कोणी आणून द्यायचं. आई गेली, आणि त्या वर्षी केझायाने आईवर एक कविता लिहिली. ती 'एक स्त्री' या नावाने 'बिगुल'मध्ये आली.

त्या काळी सगळी वर्तमानपत्रं एकमेकांना टपालाने फुकट जायची. प्रत्येक संपादक कात्री घेऊन बसायचा, दुसऱ्याचं आवडलं की कापायचा आणि आपल्या पेपरात चिकटवायचा. त्याला कोणी चोरी म्हणत नसे, संपादन म्हणत. तर ती कविता अशी कापत कापत पार ओहायोपर्यंत गेली आणि तिथून फिरून परत आली तेव्हा तिच्याखाली कोणा एका पाद्र्याचं नाव होतं आणि आईच्या जागी त्याची आत्या होती.

चादर नावाशिवाय उडाली की असं होतं. केझायाने त्या दिवशी ठरवलं, आईवरची दुसरी कविता जाईल ती नावानिशी जाईल.

---

प्रदर्शन भरलं जिल्ह्याच्या गावी. बातमीदार म्हणून केझाया घोडागाडीने तिकडे गेली. जाताना फॉगने बजावलं होतं, "एकच कागद पाठवा हं. टपालवाले कागद मोजून माझ्याकडून पैसे घेतात. दोन आले तर मी सोडवून घेणार नाही, सांगून ठेवतो. आणि रकान्यात थोडी जागा उरेल, तेव्हा एखादी कविताही टाका. शक्यतो दुःखी. बायका वाचतात."

एका कागदात दोन गोष्टी बसवणं तिथल्या कोणालाच अवघड नव्हतं. सगळेच करायचे. आधी कागद आडव्या ओळींनी भरायचा, मग तो फिरवून त्याच लिखाणावरून उभ्या ओळी लिहायच्या. दिसायला कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसायचं, पण सवय असली की आधी सरळ धरून वाचायचं, मग फिरवून वाचायचं. केझायाने तसंच केलं. आडवी बातमी, डचेसच्या पहिल्या बक्षिसाची. उभी कविता, आईवरची, नवी. बातमीखाली 'आमचा बातमीदार'. कवितेखाली, नेहमीसारखंच, आपलं पूर्ण नाव. फॉग ते नेहमीसारखंच खोडणार हे ठाऊक असूनही ती दर वेळी लिहायची. तो खोडून थकेल की मी लिहून थकेन, बघू, असा तिचा हिशेब.

कागद पोचला त्या दिवशी लेमुएल फॉगची दाढ ठणकत होती. जबडा फुगून भोपळ्याएवढा झालेला. त्यावर बायकोच्या फ्लॅनेलच्या पेटिकोटची पट्टी, डोक्यावर गाठ. अशा अवस्थेत माणूस नावं खोडत बसत नाही. त्याने कागद उचलला, डोळे बारीक केले आणि जेबेझ टॉलीपुढे धरला.

जेबेझ छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणारा. म्हातारा, अर्धा बहिरा आणि भलता इमानी. समोर येईल ते जुळवायचं, अर्थात शिरायचं नाही, हा त्याचा धर्म. एकदा फॉगने बातमीच्या कडेला 'कॉफी आण' असं खरडलं होतं, तर जेबेझने तेही छापलं होतं. राज्यपालांच्या भाषणात.

"ओन्ही," फॉग पट्टीतून म्हणाला.

"दोन्ही?" जेबेझने कानाला हात लावला.

फॉगने मान हलवली आणि कळवळला. त्याला म्हणायचं होतं, दोन्ही एकाशेजारी एक लाव, म्हणजे एका रकान्यात बातमी, शेजारच्यात कविता. पण 'शेजारी' म्हणायला जबडा उघडावा लागतो. बाहेर पडलं ते, "एआ-एआई एअ!"

"काय?"

"एआ-एआई एअ!!"

जेबेझने विचार केला. "एकाआड एक?"

फॉगला पट्टीतून ऐकूही येत नव्हतं आणि त्याला पर्वाही नव्हती. त्याने दोन्ही हात वर केले, म्हणजे 'देवा, मला उचल', आणि तो तडक न्हाव्याकडे गेला, त्या काळी दाढाही तोच उपटायचा.

जेबेझने ते हात होकारार्थी घेतले. कागद खुंटीला लावला. उभी एक ओळ घेतली, कागद फिरवला, आडवी एक ओळ घेतली, पुन्हा फिरवला. आपल्या आयुष्यात इतका कागद कधी फिरवला नव्हता, असं तो नंतर म्हणाला, पण साहेबांना हवंय तर हवंय. शेवटी दोन सह्या उरल्या. त्यातली 'आमचा बातमीदार' ओळीत मावेना. 'केझाया ट्रास्क' मावली.

आणि शनिवारी 'बिगुल'मध्ये हे आलं:

*दिवस मावळला तशी आई दारात आली,*
*अंगाने भरलेली, कान लोंबते, पाठ टेबलासारखी सपाट.*
*तिच्या हातात दिवा होता, ओठांवर माझं नाव,*
*समितीने काठीने ढोसलं, पण ती उठली नाही.*
*आता दारात वारा येतो, तो कुणालाच ओळखत नाही,*
*सबब पहिलं बक्षीस सर्वानुमते डचेसला.*
*दिवा कुठे ठेवलास, आई?*
*शेपटीचा पीळ मात्र अजून शाबूत आहे.*

*केझाया ट्रास्क*

---

केझायाने आपलं नाव छापलेलं पहिल्यांदा पाहिलं ते असं, आईच्या लोंबत्या कानांखाली.

ती कचेरीत आली तेव्हा फॉगचा जबडा उतरला होता, आणि पेपर वाचून आणखी उतरला होता. जेबेझ एका कोपऱ्यात उभा राहून "एकाआड एक, एकाआड एक" असं पुटपुटत होता.

"ओरडा," फॉग म्हणाला. "तुमचा हक्क आहे."

"ओरडत नाही. पुढच्या शनिवारी कविता सरळ छापा. माझ्या नावासकट."

"छापू, छापू. गाव हसायचं थांबू दे."

गाव काही थांबेना. चर्चमध्ये प्रार्थनेच्या मधोमध कोणीतरी 'दिवा कुठे ठेवलास' म्हणायचं आणि मागच्या बाकावरून 'शेपटीचा पीळ' असं उत्तर यायचं. डीकन हॅस्कल मात्र खूश होता. त्याने ते पान कापून डचेसच्या गोठ्याच्या दारावर ठोकलं.

मग टपाल येऊ लागलं. आधी प्रॉव्हिडन्स शहराचा एक पेपर आला. विनोदाच्या रकान्यात कविता होती, नावासकट. मग आल्बनीचा. तिथे विनोद नव्हता, 'गूढ' असं वर लिहिलं होतं. आणि मग न्यूयॉर्कचं एक जाड मासिक आलं, त्यातल्या टीकाकाराने पानभर लिहिलं होतं की हार्लो फॉल्सच्या या धाडसी कवयित्रीने जुनं सगळं यमक मोडीत काढलंय. आई म्हणजे आपली माती. समिती म्हणजे काँग्रेस, देशाची संसद, ती काठीने ढोसते, पण माती उठत नाही. आणि शेपटीचा पीळ म्हणजे या तरुण राष्ट्राची दुर्दम्य आशा.

फॉगने ते मोठ्याने वाचलं. वाचता वाचता त्याची छाती फुगत गेली.

"मिस ट्रास्क, बसा. कोणीतरी यांना तो भोपळ्याचा गोड पै आणा, भट्टीतला ताजा आहे ना तो? बसा." त्याने स्वतःच्या हाताने खुर्ची पुसली. "आता नाव कसं हवंय? ठळक? ठळक छापतो. दर शनिवारी एक असलीच द्या. आई असू दे, आत्या असू दे, मध्ये मध्ये बाजारभाव टाका, लोणी, ओट, काय वाटेल ते."

"माझी कविता कधी छापताय?"

"हीच की तुमची कविता!"

"अर्धी माझी आहे. अर्धी डचेसची."

"अहो, पण लोकांना डचेसचीच अर्धी आवडलीय!" फॉगने हात जोडले. "मी खरं सांगतो, नुसती आई कोण कापणार? आया सगळ्यांना असतात. खाली नाव येतंय, देशभर जातंय, आणखी काय पाहिजे बाईला?"

केझाया उठली. पैला तिने हात लावला नव्हता. म्हणजे एकच घास खाल्ला होता.

"माझ्या आईच्या हातात दिवा होता, मिस्टर फॉग. लोकांना तो दिसेपर्यंत मी तुम्हाला सोडत नाही. आणि पै कच्चा आहे."

---

पन्नास मैलांत दुसरा छापखाना नव्हता. हाच फॉग, हाच जेबेझ, हीच कात्री. केझायाने विचार केला की कविता म्हणून दिली तर फॉग छापणार नाही. पण संपादकाला पत्र? तेही भांडणाचं? भांडणाची पत्रं फॉगला जीव की प्राण. विहिरीच्या हद्दीवरून दोघे भांडले तर तो दोघांचीही पत्रं छापायचा आणि मधल्या मध्ये तेल ओतायचा. शिवाय 'बिगुल'मध्ये आलं की ते फुकटात देशभर जाणार, जिथे जिथे डुकरीण पोचली तिथे तिथे.

तिने खरमरीत पत्र लिहिलं. घडलेला घोटाळा सांगितला, टीकाकाराची शेपूट धरून त्याला गरगर फिरवलं, आणि शेवटी, 'मूळ कविता अशी', म्हणून ती पूर्ण दिली. खाली नाव.

फॉग वाचताना हसून हसून टेबलावर पडला. "झकास! शनिवारी टाकतो!"

शनिवारी आलं. भांडण होतं, सगळं होतं. 'मूळ कविता अशी', हेही होतं. आणि त्याच्या बरोब्बर खाली होत्या लिव्हरच्या गोळ्या. *पित्त, वात, खिन्नता, झोपताना दोन.* त्याखाली सही, 'एक संतापलेली स्त्री'.

"जागा नव्हती," फॉग म्हणाला. "गोळीवाल्याने पैसे आगाऊ दिलेत. कवितेपाशी नेमका पूर्णविराम होता, कात्री आपोआप गेली. आणि नाव, तुम्हीच बघा, एवढ्या रागाखाली बाईचं नाव म्हणजे..."

"अब्रू."

"हां. बघा, तुम्हालाही पटलं."

हार्टफर्डच्या एका पेपराने ते पत्र कापून घेतलं आणि खाली शेरा मारला, की या कवयित्रीचं नवं काव्य आणखी धीट आहे, खिन्नतेवरची ओळ विशेष.

केझायाने तो शेरा वाचला. पुन्हा वाचला. आणि ती एकदम थांबली. कात्री आपोआप गेली. कुठे गेली? पूर्णविरामापाशी गेली. फॉगला कापायला पूर्णविराम लागतो. सगळ्याच संपादकांना लागतो. मधूनच कापलं तर वाक्य लंगडं पडतं आणि वाचणारे शिव्या घालतात.

ती घरी गेली. दाराला कडी लावली, बीन्सचं भांडं चुलीवर ठेवलं आणि लिहायला बसली. बीन्स करपल्या. शेजारीण दार वाजवून गेली. केझायाने मान वर केली नाही. जिथे जिथे टिंब द्यायला हात गेला तिथे तिथे तिने त्याला शेपूट काढली आणि स्वल्पविराम केला.

तिसऱ्या दिवशी तिने कागद फॉगपुढे टाकला. फॉगने वाचायला घेतलं:

*"संपादक महाशय, 'दिवस मावळला तशी आई दारात आली' असं मी लिहिलं आणि ती आई माझी होती, डीकन हॅस्कल यांची डुकरीण नव्हे, हे न्यूयॉर्कच्या विद्वानांना पुढच्याच ओळीवरून कळायला हरकत नव्हती, कारण 'तिच्या हातात दिवा होता, ओठांवर माझं नाव' असं तिथे आहे, आणि डुकरिणीला हात नसतात, निदान आमच्या जिल्ह्यात तरी नसतात, आणि ते नाव केझाया ट्रास्क असं होतं, 'एक स्त्री' असं नव्हतं, कारण कोणाचीही आई संध्याकाळी दारात येऊन 'एक स्त्री, जेवायला ये' अशी हाक मारत नाही, आणि ती हाक आता येत नाही म्हणूनच मी लिहिलं की 'आता दारात वारा येतो, तो कुणालाच ओळखत नाही', ज्या वाऱ्याचा काँग्रेसशी काडीचाही संबंध नाही, असलाच तर संपादक फॉग यांच्याशी आहे, कारण तेही दुसऱ्याची चादर उडवतात आणि ती कोणाची हे विचारत नाहीत, तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगावं, 'दिवा कुठे ठेवलास, आई' हा प्रश्न लिव्हरच्या गोळ्यांनी सुटतो का, आणि सुटत असेल तर किती घ्याव्यात"*

फॉग पहिल्यांदा हसला. मग 'एक स्त्री, जेवायला ये'पाशी हसायचा थांबला. मग त्याने सवयीने कात्री उचलली. कागदावर इकडून नेली, तिकडून नेली. कवितेची ओळ काढावी तर भांडण कोसळत होतं. नाव काढावं तर चिमटा जात होता आणि चिमटा तर फार झकास होता. त्याने कात्री कागदाभोवती अशी फिरवली, जशी समिती डचेसभोवती फिरली होती.

"यात टिंब कुठेय?"

"नाही."

"एकही?"

"कापायचं असेल तर सगळंच टाका. नाहीतर सगळंच छापा."

"आणि चादर उडवतात म्हणजे मी? माझ्याच पेपरात मला?"

"खप वाढेल," केझाया म्हणाली.

फॉग तोंडातली तंबाखू चघळायची विसरला. मग त्याने कात्री खणात ठेवली आणि हाक मारली, "जेबेझ! हे घे. आणि हे बघ, माझी दाढ आता ठीक आहे. नीट ऐक. जसंच्या तसं. एकाशेजारी एक नाही, एकाआड एक नाही. काही नाही. जसंच्या तसं."

जेबेझने जुळवायला घेतलं. रकाना भरला, दुसरा रकाना लागला. संध्याकाळी तो काळ्या बोटांनी डोकं खाजवत केझायाच्या दारात उभा.

"मिस केझाया, माझा डबा भरून टिंबं तशीच पडलीत. आयुष्यात असं झालं नाही. एक तरी द्या. नाहीतर लोक पान उलटतील आणि वाचतच सुटतील."

केझायाने विचार केला. "शेवटी एक लावा," ती म्हणाली. "पण त्याच्या आधी माझं नाव पुन्हा एकदा येऊ द्या."

---

ते पत्र कुठे कुठे गेलं त्याला गणती नाही. प्रॉव्हिडन्सने घेतलं, आल्बनीने घेतलं. ओहायोच्या एका संपादकाने मध्ये कात्री लावायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा खाली टीप टाकली की जागेअभावी आजचा अग्रलेख वगळलाय. केझाया ट्रास्क नाव सगळीकडे शाबूत, आणि आईच्या हातातला दिवाही. न्यूयॉर्कच्या टीकाकाराने आपला शब्द मागे घेतला नाही. विद्वान घेत नाहीत. पण त्याने लिहिलं की कविता ठीक आहे, साधी आहे, मात्र या बाईचं गद्य! अशी पत्रं दर महिन्याला हवीत.

"पाठवणार?" फॉगने विचारलं. आता तो तिच्याशी बोलताना थुंकायचा नाही.

"पाठवणार. प्रत्येकात एक कविता असेल."

"ती कापता येईल?"

"नाही."

एवढ्यात दार ढकलून डीकन हॅस्कल आत आला. टोपी हातात, चेहरा पडलेला, बगलेत 'बिगुल'ची घडी. हा माणूस चर्चमध्ये आवाज चढवायचा नाही, पण आज त्याचे कान लाल झाले होते.

"केझाया, पोरी, तू लहान होतीस तेव्हापासून तुला ओळखतोय. तुझ्या आईच्या चादरी दोनदा माझ्या कुंपणातून मी आणून दिल्यात. तू असं करावंस?"

"काय केलं मी, डीकन?"

त्याने घडी उलगडली आणि बोट ठेवलं. "'डीकन हॅस्कल यांची डुकरीण.' नुसती डुकरीण! आधी देशभर डचेस डचेस झालं, आणि आता हे. रस्त्यावर लोक विचारतात, कुठली हो ती डुकरीण? जशी काही कुठलीही चालेल. पहिलं बक्षीस आहे तिला, पोरी. तिला नाव आहे."

फॉग हसायला तोंड उघडणार होता. केझायाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं, डीकन," ती म्हणाली. तिने खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला, लेखणी बुडवली. "चूक माझी. या शनिवारीच दुरुस्ती येईल. नुसतं डचेस लिहू, की डचेस हॅस्कल?"

डीकनने टोपी गोल फिरवत जरा विचार केला.

"पूर्ण लिही," तो म्हणाला.